घाण सोडायची, धातू सोडायचा नाही
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर विषय लिहिला तेव्हाच मागच्या रांगेत कुजबुज झाली. खनिजातून आणि कारखान्यांच्या कचऱ्यातून धातू काढायच्या स्वच्छ पद्धती! हे काय आपलं काम आहे काय? हे इंजिनियर लोकांचं काम. नाहीतर रविवारी चौपाटी झाडून फोटो काढून घेणाऱ्या पर्यावरणवाल्यांचं. आपल्याकडं ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्यात, वस्तीवर कधी बुलडोझर येईल सांगता येत नाही. त्यात हे सोनं-तांबं कुठून उपटलं?

मी उलट विचारतो. या देशात धातू आणि कचरा या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त हात कुणाचे लागलेत? खाणीत कोण उतरलं? गटारात कोण उतरलं? गोदामात मांडी घालून वायरी कोण सोलतं? मग ज्या मालाला आपले हात सगळ्यात जास्त लागतात त्याच्या विज्ञानाबद्दल बोलायची वेळ आली की आपण मागच्या बाकावर का बसायचं? हे विज्ञान आपलं नाही असं आपल्याला कुणी सांगितलं? ज्यांनी अक्षर आपलं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच.

म्हणून आज भावनेचं भाषण करणार नाही. थोडं रसायनशास्त्र सांगणार आहे आणि त्या रसायनशास्त्राला जात कशी चिकटलेली असते ते दाखवणार आहे.

सुरुवात कोलारपासून करू. पिक्चरमुळं केजीएफ हे नाव पोराटोरांना पाठ झालंय. पडद्यावरचा तो दाढीवाला हिरो घडीभर विसरा. खरी कोलार गोल्ड फील्ड्स ऐका.

कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश पेढीनं खाणींचा ताबा घेतला. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज तारांवरून थेट या खाणींना आली. बंगळूर शहराला वीज मिळाली त्यानंतर, १९०५ मध्ये. म्हणजे राज्याच्या मोठ्या शहराआधी खाणीला दिवा. हा दिवा कुणासाठी होता? सोन्यासाठी होता. खाली उतरणारा माणूस तट्ट्याच्या झोपडीतच राहत होता. चँपियन रीफची खाण खणत खणत तीन किलोमीटरच्याही खाली गेली. जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी ती एक. एवढ्या खोलवर खडक हाताला चटका देतो.

खाली कोण उतरलं? बहुतेक करून तमिळ पारियार. उत्तर अर्काट, चित्तूर इकडच्या गावांतून, जमीनदाराच्या वेठीतून सुटून आलेले आपलेच भाऊबंद. गावच्या गुलामगिरीपेक्षा पाताळ बरं, असा हिशोब करून आलेले.

आणि हे लोक नुसते दगड फोडत बसले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पंडित अयोथी दासांच्या शाक्य बौद्ध चळवळीची मोठी शाखा याच कोलारच्या मरिकुप्पममध्ये उभी राहिली. कामगारांनी विहार बांधले, छापखाना चालवला, बुद्धाचा धम्म तमिळमध्ये छापला. नागपूरच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

आता कायदा बघा. १८९७ मध्ये म्हैसूर संस्थानानं खाणींसाठी कायदा केला. सोनं असलेली माती, खाणीतला माल कामगाराजवळ सापडला तर तो आपल्याकडं कसा आला याचा खुलासा त्यानंच करायचा. नाहीतर चोर. पुढं १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेण्याची सक्ती आली, तेव्हा हजारो कामगारांनी संप पुकारून खाणी बंद पाडल्या. गुन्हेगारासारखे ठसे देणार नाही म्हणाले. खिशात चिमूटभर माती सापडली तर चोर, हे लक्षात ठेवा. या मातीकडं मला परत यायचंय.

आता रसायनशास्त्र.

खडकात सोनं डोळ्यांना दिसत नाही. टनभर खडकात काही ग्रॅम. आधी खडक फोडायचा, दळायचा, पिठासारखा करायचा. मग त्या पिठातून सोनं वेगळं कसं करायचं? जुनी रीत पाऱ्याची. पारा सोन्याला चिकटतो, गोळा होतो. तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं मागं राहतं. उडालेला पारा जातो कुठं? तापवणाऱ्याच्या छातीत, मग मेंदूत, मग नदीत, माशात, त्याच्या पोरांच्या ताटात. जगात आजही लाखो गरीब माणसं अशीच सोनं काढतात. म्हणून तर पाऱ्याविरुद्ध मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ पासून लागू आहे आणि भारतानं त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

दुसरी रीत सायनाईडची. १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि दोघे फॉरेस्ट बंधू यांनी शोधून काढली. दळलेल्या खडकाच्या चिखलात चुना घालायचा, सायनाईडचं पातळ पाणी सोडायचं, हवा खेळवायची. खडकातलं सोनं पाण्यात विरघळतं. मग जस्ताच्या भुकटीवर किंवा कोळशावर ते सोनं पकडायचं. पाऱ्याला जे सोनं सापडत नव्हतं ते सायनाईडनं ओढून काढलं. दहा-वीस वर्षांत जगभर हीच पद्धत झाली. कोलारलाही १८९० च्या दशकात ती आली.

सायनाईड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चिमटीभर पोटात गेलं की खेळ खलास. सांभाळून वापरलं तर माणूस मरत नाही, ऊन-हवेनं त्याचा जोर हळूहळू ओसरतोही. पण 'सांभाळून' या शब्दावर सगळं टांगलेलं आहे. ३० जानेवारी २००० ला रुमानियात बाया मारे इथं सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटला. एक लाख घनमीटर सायनाईडचं पाणी नदीत गेलं, तिथून तिसा नदीत, तिथून डॅन्यूबमध्ये. देशोदेशींचे मासे पोट वर करून तरंगत आले. हे युरोपात घडलं, म्हणून जगाला कळलं.

कोलारला बांध फुटला नाही. तिथं गोष्ट सावकाश घडली. सोनं काढून घेतल्यावर उरलेलं पीठ कुठं टाकलं? कामगारांच्या वस्त्यांच्या शेजारी. एकशेवीस वर्षं टाकलं. त्याचे तेरा डोंगर झाले, सुमारे तीन कोटी तीस लाख टनांचे. लोक त्यांना सायनाईडचे डोंगर म्हणतात. त्यातलं सायनाईड बरंचसं विरून गेलं असेल, पण दळलेल्या खडकाची धूळ विरत नाही. वारा सुटला की ती घरात येते, भाकरीवर बसते, छातीत जाते. पाऊस पडला की ओघळून खालच्या शेतात उतरते. खाणीत खाली काय होत होतं तेही ऐका. १९४० च्या दशकात तिथल्या सात हजारांहून जास्त कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शंभरातल्या चाळिसांहून अधिक लोकांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसलेली सापडली. डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही. माणूस हळूहळू गुदमरतो.

१९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या. पुढं भारत गोल्ड माइन्स लिमिटेड आली. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद. सोनं परवडत नाही म्हणाले. एकूण आठशे टनांच्या आसपास सोनं काढून झालं होतं. ते काढणाऱ्यांची पोरं पहाटेची गाडी पकडून मरिकुप्पमहून बंगळूरला जायला लागली. कुणी वॉचमन, कुणी हाऊसकीपिंग. सोनं गेलं, धूळ त्यांच्याकडं राहिली.

आणि आता बघा गंमत. जून २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं या तेरा डोंगरांमधून पुन्हा सोनं काढायला संमती दिली. हजार एकरांच्या आसपास जमीन. त्या पिठात आता टनामागं एक ग्रॅमही सोनं नाही. पण सोन्याचा भाव असा चढला की तेवढंही परवडतं. म्हणजे धूळ जोवर पारियाराच्या पोराच्या डोळ्यांत जात होती तोवर ती कचरा होती. बाजारात भाव आला, त्या दिवशी तीच धूळ संपत्ती झाली. बापाच्या खिशात सापडली तर चोरी. पोराच्या छातीत सापडली तर नशीब. आणि ढिगाऱ्यात सापडली तर राष्ट्राची साधनसंपत्ती!

मित्रांनो, कचरा म्हणजे काय हे कोण ठरवतं? आजच्या भाषणाचा सगळा गाभा या प्रश्नात आहे. पद्धतींबद्दल बोलायचं तेही हा प्रश्न हातात धरूनच.

आता स्वच्छ पद्धती. आहेत का? आहेत. थापा नाहीत, खऱ्या आहेत. मी चार सांगतो.

पहिली, जिवाणूंची. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू लोखंड आणि गंधक यांवर जगतात. १९४७ मध्ये अमेरिकेत कोळशाच्या खाणीतल्या आंबट, तांबड्या पाण्यात असा एक जिवाणू शास्त्रज्ञांना सापडला. काही खडकांत सोनं गंधकाच्या खनिजात कुलूपबंद असतं. पूर्वी ते कुलूप तोडायला खडक भट्टीत भाजायचे आणि विषारी धूर आभाळात सोडायचे. हे जिवाणू ते खनिज खातात, कुलूप आपसूक उघडतं. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हे काम टाक्यांमध्ये होऊ लागलं. तांब्यासाठीही जिवाणू राबतात. आपल्याकडं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. ए. नटराजन यांनी या विद्येवर आयुष्य घातलं. पण एक लक्षात ठेवा. जिवाणू कुलूप उघडतो, सोनं मात्र पुन्हा बहुतेक ठिकाणी सायनाईडनंच काढतात. धूर वाचला, विष राहिलं. अर्धी स्वच्छता.

दुसरी, थायोसल्फेटची. नाव मोठं आहे, पण माल तुमच्या ओळखीचा आहे. जुन्या फोटो स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत फोटो ज्यात बुडवायचे तो 'हायपो', तोच हा. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा भंगारवाला का घेतो? चांदीसाठी. फिल्म धुताना तिच्यावरची काही चांदी हायपोच्या पाण्यात उतरते हे आपल्या धंदेवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. सोनंही उतरतं. अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीत २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर सायनाईडऐवजी थायोसल्फेट वापरायला सुरुवात झाली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीनं एका छोट्या कारखान्यात याच रीतीनं सोन्याची लगड पाडली. विषारीपणा सायनाईडच्या पासंगालाही नाही. पण पद्धत नाजूक आहे, रसायन जास्त लागतं, सोनं कोळशावर धरत नाही, त्याला खास रेझिन लागतं. प्रत्येक मातीला मानवेलच असं नाही.

तिसरी, पिठाची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की मक्याच्या पिठूळ सत्त्वापासून होणारा एक पदार्थ विरघळलेल्या सोन्याला बरोब्बर निवडून सुईसारख्या स्फटिकांत खाली बसवतो. मक्याचं पीठ आणि सोनं! प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतची वाट मात्र लांब असते.

चौथी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती कुठल्या साहेबाच्या प्रयोगशाळेतून निघालेली नाही. फिलिपिन्समध्ये बेंगेट नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथले गरीब खाणकामगार गेली कित्येक वर्षं पाऱ्याशिवाय सोनं काढतात. आधी पाण्यानं धुऊन धुऊन जड माती वेगळी करायची. मग तिच्यात टाकणखार घालून मुशीत वितळवायची. टाकणखार म्हणजे आपल्या सोनाराच्या पेटीत असतो तो. त्यानं बाकीची खनिजं लवकर वितळून बाजूला होतात, सोनं तळाला बसतं. पाऱ्याचा एक थेंब नाही. आणि त्यांच्या मातीतून सोनं पाऱ्याच्या रीतीपेक्षा जास्तच निघतं. अडाणी म्हणून ज्यांना हिणवतात त्यांनी हे केलं, आणि शास्त्रज्ञ नंतर वही घेऊन शिकायला गेले.

म्हणजे स्वच्छ पद्धत ही काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी ठरवावं लागतं, की काम करणाऱ्याचा जीव महत्त्वाचा. बेंगेटमध्ये छाती आणि हात एकाच माणसाचे होते. म्हणून त्यानं पारा सोडला. कोलारला हात एकाचे, नफा दुसऱ्याचा. म्हणून धुळीचे डोंगर उभे राहिले.

आता आपल्या शहरात या.

झवेरी बाजारात रात्री-पहाटे गटार उपसणारे, पायऱ्या झाडणारे घमेलेवाले तुम्ही पाहिले असतील. सोनाराच्या पेढीतून उडालेला कण गटारातल्या गाळातून शोधणारी माणसं. आपल्याकडं झारेकरी ही एक जातच त्या कामावर आहे. सोनं शेटजीचं, गाळ झारेकऱ्याचा. ही जुनी गोष्ट झाली. नवीन झवेरी बाजार आता धारावी, कुर्ला, साकीनाका इथल्या गोदामांत आहे. कॉम्प्युटर, मोबाईल, टीव्ही. जगात २०२२ या एका वर्षात असा सहा कोटी वीस लाख टन कचरा निघाला, आणि त्यातला पावभागही नीट नोंद होऊन रिसायकल झाला नाही. बाकीचा कुठं गेला? आपल्यासारख्यांच्या गल्ल्यांत.

एक टन जुने मोबाईल गोळा केले तर त्यात शंभर-दोनशे ग्रॅमच्या पुढं सोनं असतं. मघाशी मी काय सांगितलं? खडकात टनामागं काही ग्रॅम. कोलारच्या ढिगाऱ्यात एकही नाही. म्हणजे सगळ्यात श्रीमंत खाण आज जमिनीखाली नाही, भंगारवाल्याच्या पोत्यात आहे. आणि ते पोतं वाहणारा सगळ्यात गरीब आहे. दलित आहे, मुसलमान आहे, दुष्काळातून आलेला आहे.

तो काय करतो? हातानं खोलतो, इथवर ठीक. हातानं खोलणं हे खरं तर सगळ्यात उत्तम, यंत्रालाही तसं जमत नाही. पुढं मामला बिघडतो. तारेचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं. बोर्ड तव्यावर तापवून शिसं वितळवायचं आणि सुटे भाग उचकटायचे. आणि सोन्यासाठी बोर्ड तेजाबात बुडवायचा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं ते मिश्रण, पुस्तकात त्याला अम्लराज म्हणतात. बादलीतून तांबडा-पिवळा धूर निघतो. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं. उरलेलं तेजाब गटारात. वर आणखी अक्कलखाती काय, तर या रीतीत बरंचसं सोनंही त्या तेजाबाबरोबर गटारात जातं. नीट कारखान्यात जवळजवळ सगळं हाती लागतं. म्हणजे आपला माणूस फुप्फुस जाळतो, मूल शिशाच्या धुळीत रांगतं, नाला मरतो, आणि एवढं करून सोनंही पुरतं मिळत नाही.

मग उपाय? इथं दोन टोळ्या उभ्या राहतात आणि दोन्हीशी आपलं भांडण आहे.

पहिली टोळी म्हणते, ही घाणेरडी वस्ती हटवा, स्वच्छ कारखाना येऊ द्या. घानात अक्रा शहरात अग्बोगब्लोशी नावाचं जगभर बदनाम झालेलं भंगारपट्टं होतं. जुलै २०२१ मध्ये तिथं बुलडोझर फिरवला. भंगार संपलं का? नाही. आसपासच्या मोहल्ल्यांत पांगलं. चीनमध्ये ग्वेयू गावातल्या हजारो घरगुती धंद्यांना २०१५ मध्ये औद्योगिक वसाहतीत कोंबलं. धूर कमी झाला, पण छोटे धंदेवाले बुडाले. आणि ज्या कारखान्याला स्वच्छ म्हणतात त्याच्याही भिंतीबाहेर जाऊन बघा. बेल्जियममध्ये होबोकेनला मौल्यवान धातू परत काढणारा जगातला एक नामांकित कारखाना आहे. २०२० मध्ये त्याच्या शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं. कंपनीला लगतची घरं विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली. तिथं रक्त तपासणारी सरकारी यंत्रणा होती, म्हणून सापडलं. आपल्या पोरांचं रक्त कोण तपासतंय?

इंग्लंडच्या राजाची टांकसाळ, रॉयल मिंट. तिनं २०२४ मध्ये वेल्समध्ये कारखाना सुरू केला. वर्षाला चार हजार टन सर्किट बोर्ड, भट्टी नाही, साध्या तापमानाला काही मिनिटांत सोनं विरघळवायचं. विज्ञान म्हणून टाळी वाजवा. पण बघा, कोहिनूर ठेवून घेणाऱ्यांच्या मुलखाला कळलं, की आता खाण कचऱ्यात आहे. आपल्या लोकांना कळलं का?

दिल्लीला कळलंय. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. माल बनवणाऱ्या कंपनीनं नोंदणीकृत रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घ्यायचं. हे सर्टिफिकेट चार धातूंवर मिळतं: सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं घरगुती इलेक्ट्रॉनिक मालाला किलोमागं किमान २२ रुपये दर बांधून दिला. तेवढाही जड झाला म्हणून बड्या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं कचऱ्यातून महत्त्वाची खनिजं काढणाऱ्यांना उत्तेजन म्हणून दीड हजार कोटींची योजना मंजूर केली, त्यातला तिसरा हिस्सा छोट्या आणि नव्या उद्योगांना. छान. हे २२ रुपये कुणाला मिळतात? ज्याच्याकडं नोंदणी आहे त्याला. पोतं ज्याच्या पाठीवर आहे त्याला नाही. त्याचं नाव सर्टिफिकेटवर कुठंच नाही. दीड हजार कोटींतला छोटा आणि नवा उद्योजक कोण निघेल? शेटजीचा पुतण्याच, दुसरा कोण?

दुसरी टोळी आपल्यातलीच आहे. ती म्हणते, काही असो, गरिबाच्या पोटावर पाय नको, चाललंय तसं चालू द्या. मित्रांनो, हे ऐकायला गोड आहे आणि आतून सडलेलं आहे. बाबासाहेबांनी नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात मढी ओढण्याचा विषय काढला होता. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तर शिंगं, खूर, हाडं, कातडी यांचं उत्पन्न बुडेल, असा हिशोब काही दीडशहाण्यांनी आपल्यापुढं मांडला होता. बाबासाहेबांनी काय उत्तर दिलं? एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा ना! तेजाबाच्या बादलीलाही हेच उत्तर. सोन्याचा वास येतो म्हणून कुणाचं फुप्फुस जाळायला देणार नाही. रोजगार या नावाखाली आपली पोरं विषात बसवायची, ही गावकीच आहे. फक्त मोबाईलच्या जमान्यातली.

पण मढ्याच्या गोष्टीची दुसरी बाजूही विसरू नका. आपण घाण काम सोडलं, ते बरोबरच केलं. मात्र कातड्याचा, हाडाचा धंदा पुढं कारखानदारीत गेला, त्यातून शेटजी मोठे झाले, तिथं मालक म्हणून आपण किती दिसलो? काम सोडलं आणि मालही हातचा गेला. या वेळी असं होऊ द्यायचं नाही. घाण सोडायची, धातू सोडायचा नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं, की जात नुसतं काम वाटून देत नाही, काम करणाऱ्यांनाही एकमेकांपासून तोडते. खोलणारा एका जातीचा, रसायन जाणणारा दुसऱ्या, मालक तिसऱ्या. ही उतरंड मोडल्याशिवाय पद्धत कितीही स्वच्छ आणा, ती फक्त मालकासाठी स्वच्छ असेल.

मग करायचं काय? घोषणा पुरे, कामं सांगतो.

एक. गल्लीत, घरात तेजाब आणि जाळपोळ बंद. पोलिसाच्या दंडुक्यानं नाही, आपल्या संघटनेच्या ताकदीनं. खोलणं-निवडणं आपल्या हातात ठेवायचं. बोर्ड मात्र नीट कारखान्यात जाईल, आणि वजनावर नाही तर त्यातल्या धातूच्या किमतीवर भाव घ्यायचा. बोर्डात किती सोनं हे तपासायची विद्या आपल्याकडं पाहिजे, तरच भाव मागता येईल.

दोन. त्याच नियमांत राज्य सरकारवर जबाबदारी टाकलेली आहे: औद्योगिक वसाहतीत या कामासाठी जागा-शेड राखून ठेवायची, कामगारांची नोंद करायची, त्यांचे गट उभे करायला मदत करायची, त्यांना शिकवायचं, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. हे कागदावर आहे. माहितीच्या अधिकारात विचारा: आपल्या एमआयडीसीत किती शेड राखल्या? किती कामगार नोंदले? उत्तर घेऊन मोर्चा काढा. मोर्चाला कागदाचा आधार असला की साहेब खुर्चीतून उठतो.

तीन. सहकारी संस्था. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक आपल्याच. पंचायतीनं ओळखपत्र मिळवलं, पुढं त्यांच्या 'स्वच्छ' संस्थेनं महापालिकेशी करार केला. ज्यांना लोक दारातून हाकलत होते त्या करारावर सही करणाऱ्या झाल्या. वेचण्यापर्यंत त्यांनी आणलं. पुढचं पाऊल धातूपर्यंत न्यायचं ते आपण.

चार. इथं बी.एस्सी. केमिस्ट्रीची, डिप्लोमाची, आयटीआयची पोरं-पोरी बसल्यात. नोकरीची जाहिरात बघता बघता चष्मे लागले तुम्हाला. हैदराबादच्या सी-मेट या सरकारी संस्थेनं बोर्डातून धातू काढायची पद्धत बसवली आहे. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेतही हे काम चालतं. ते ज्ञान जनतेच्या पैशातलं आहे. तुमच्या बापाच्या काडेपेटीवरचा कर त्यात आहे. जा, मागा, शिका. थायोसल्फेट काय, जिवाणू काय, टाकणखार काय, हे मराठीत लिहा, वस्तीत समजावून सांगा.

पाच. कोलारच्या भावांशी नातं जोडा. त्या तेरा डोंगरांतून सोनं कुठल्या पद्धतीनं काढणार, पुन्हा सायनाईडच का, उरलेली धूळ पुन्हा कुणाच्या दारात टाकणार, कामगारांच्या पोरांना हिस्सा काय, हे प्रश्न त्यांनी एकट्यानं का विचारायचे? ज्यांनी नागपूरच्या आधी बुद्ध घरात आणला ते आपले थोरले भाऊ आहेत.

यातलं काही सोपं नाही. कारखाना घालायला पैसा लागतो, परवाना लागतो, आणि आपला पहिला प्रयत्न तिसऱ्या महिन्यात बुडूही शकतो. बुडाला तर दुसरा करू. पण हे काम नसतं हाती घेतलं तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. दहा वर्षांनी चकचकीत स्वच्छ कारखाना उभा असेल, भिंतीवर हिरवं पान काढलेलं असेल, आणि आपला पोरगा त्याच्या गेटवर कंत्राटी झाडूवाला असेल. आत जे सोनं निघतंय ते त्याच्या आजीनं वेचलेलं आहे हे त्याला कुणी सांगणारही नाही.

बोलायचं होतं ते बोललो. आता प्रश्न विचारा, भांडा. आणि उद्या सकाळी ज्यांना गोदामांत फिरायला यायचंय त्यांनी नावं देऊन जा. वही आणा, हातमोजेही आणा.

जय भीम.